नारिंगीला तीन मिळवा

केमियार्वीच्या केंद्रात सकाळचे नऊ, बाहेर अजून रात्रच.
औलिक्कीनं मीटरची टोपी काढली,
पिवळी फायबर लावली : उणे सात पूर्णांक दोन.
ती काढून नारिंगी : उणे सात पूर्णांक पाच.

उजेड मोजून तेवढाच दिलेला, मी म्हटलं,
मग तीन दशांश गेले कुठे?

“पिवळीचं तोंड केसाच्या दहाव्या हिश्शाएवढं,
धार सरळ पडते.
नारिंगी तोंडाची रुंद. तिचा उजेड फाकतो,
थोडा काचेच्या कडेबाहेर सांडतो.
सांडलेलं मीटरला दिसत नाही,
ते आपण मिळवायचं.”

पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला कागद,
कोपरे कॉफीनं तपकिरी :
पिवळी, आहे तशी. निळसर, एक मिळवा.
नारिंगी, तीन.
आणि अगदी खाली, वेगळ्या पेनानं :
एर्क्की सांगेल तेव्हा, दोन वजा करा.

मी हसलो. ती हसली नाही.
सालाच्या टोकाहून बावीस वर्षं
तो फोनवर आकडे सांगायचा,
नेहमी जरासे चांगले,
म्हणजे तिला लवकर घरी जाता यावं.
तिला ते पहिल्याच आठवड्यात कळलेलं.
वजा करून ती वहीत खरं लिहायची,
आणि त्याला म्हणायची, छान, निघते मी.

आता तिकडे यंत्र बसवलंय.
अचूक सांगतं.

मी वहीत लिहिलं : नारिंगी, दुरुस्त करून, उणे सात पूर्णांक दोन.
कागद मळलाय, नवा करू का, विचारलं.
“कर,” ती म्हणाली, टोपी घट्ट बसवत,
“पण शेवटच्या ओळीसकट.”