चित्र क्रमांक चार

अमळनेरच्या उन्हाळी सुटीत एक लेख लिहिला:
खानदेशातल्या फोटो स्टुडिओंचे रंगवलेले पडदे.
त्रैमासिक साडेतीनशे प्रतींचं,
मानधन म्हणजे दोन अंक आणि संपादकांचा फोन.

एक, दोन, तीन मिळाली.
चौथं अडलं.
चौथ्यात एक विमान आहे,
खिडकीतून नवरा-नवरी बाहेर बघतात
आणि विमानाच्या पोटाखाली
दोघांचे चार पाय.
नवरीच्या एका पायात चप्पल नाही.

पारोळ्याच्या रंगराव शिंप्यांनी काढलेलं.
काचा मात्र आता परमुलखात,
एका संग्रहालयाच्या थंड कपाटात.
मी फॉर्म भरला.
अंकाची किंमत? चाळीस रुपये.
लेखकाला मिळणारी रक्कम? शून्य.
शून्य लिहिलं की चौकट लाल व्हायची,
फॉर्म पुढं सरकेना.
एक लिहिलं. सरकला.
त्या एका रुपयाचं खोटं अजून माझ्या नावावर आहे.

उत्तर सभ्य होतं. एकशे ऐंशी युरो,
एकदाच वापर, अर्धं पान, कृष्णधवल.
संपादकांना रुपयांत सांगितलं.
ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले,
"बाई, एवढ्यात आपला दिवाळी अंक निघतो."

मग एसटी धरली.
पारोळ्याच्या पेठेत नातू, दिगंबर,
मोबाइल दुरुस्त करतो.
स्क्रीनगार्ड चिकटवता चिकटवता सगळं ऐकलं,
हवेचा फुगा नखानं कडेला सारला.
"काचा काकानी इकी टाक्यात. मन्ही सही चाली का?"
मलाच ठाऊक नव्हतं.
"आनि पडदा आजानी रंगाडेल नही.
एक पेंटर व्हता. समदा त्याले पेंटरच म्हनेत."

पडदा आहे अजून,
मागच्या खोलीत, कुट्टीच्या पोत्यांवर.
दोघांनी धरून अंगणात पसरला.
एक पंख उंदरांनी नेलेला.
उरलेलं विमान भर उन्हात, धुळीसकट,
निघायच्या तयारीत.
मी फोन काढला.

पण संपादकांचा नियम:
प्रत्येक छायाचित्राला हक्कधारकाचं पत्र हवं.
म्हणून कोऱ्या कागदावर मी मलाच विनंती केली,
महोदया, आपण काढलेलं छायाचित्र
विनामोबदला लेखात वापरण्यास,
आणि दोन दिवस उगाच थांबवून ठेवलं मला.
तिसऱ्या दिवशी होकार.
शुल्क: शून्य.
कागद आहे तसाच पांढरा राहिला.

आता एकच ओळ उरलीय,
पडदा रंगवणारा, आणि पुढं दोन टिंबं.
रात्री दिगंबरला फोन केला.
"थांबा ताई, बुधवारना बजारमा एक म्हातारा येस,
त्याले इचारी सांगस."

आज सोमवार.
लेख टेबलावरच आहे.