धण्याचा दिवस

लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं
की मसाला मार्केटातल्या माणसाची बोटं
घरी आल्यावर तासभर परकी असतात.

पहिल्याच रात्री, कोपरखैरणेच्या बैठ्या घरात,
हणमंतानं माझ्या गालावरून नुसता हात फिरवला
आणि मी ओरडले.
सकाळी गाल लालबुंद.
सासूबाई म्हणाल्या, पोरगी लाजतीय.

मग शिकलो.
आधी बेसन, मग ताक, मग खोबरेल,
मग पुन्हा बेसन.
तो मोरीत उकिडवा बसून हात चोळायचा,
मी तांब्यानं धार धरायची,
नजर त्याच्या नखांवर,
तव्यावरच्या भाकरीवर असते तशी.

तो दारात आला की मला कळायचं
आज तुर्भ्यात कुठली गाडी खाली केली.
दोन शिंका, तर ब्याडगी.
सलग सात, आणि पलीकडच्या घरातून शिव्या, तर गुंटूर.
वेलदोडा आला की झडती, उशीर,
जेवण दोनदा गरम.
वेलदोड्याचा मी रागराग करायचे,
वास कितीही चांगला असो.

पण धणे!
धणे आले की माझा धनी
हातपाय न धुता सरळ आत यायचा,
मानेवर, भुवयांवर पिवळट धूळ,
खाडीकडून वारा सुटलेला असायचा आणि
शेजारीण हाका मारून मारून दमायची.
आमची थोरली अशाच एका मंगळवारची.
तिला हे सांगितलेलं नाही.

भांडलोही.
गावाकडच्या भिंतीवरून, दिराच्या लग्नातल्या मांडवाच्या बिलावरून,
एकदा तर मी त्याच्या बिल्ल्यावर पाय दिला म्हणून.
तो बिल्ला म्हणजे त्याची भाकरी, मला मान्य,
पण तीन दिवस अबोला?
चौथ्या दिवशी मी रडायला लागले
आणि हा घाबरला,
तसाच, गुंटूरच्या हातांनी,
माझे डोळे पुसायला धावला.

आई गं.

अर्धा तास दोघं मोरीत.
मी त्याच्या सात पिढ्या काढतेय,
तो पोरीचं दूध माझ्या डोळ्यांवर ओततोय,
आणि मधेच त्याला हसू फुटलं,
मग मलाही, डोळे मिटलेलेच.
भांडण काही मिटलं नाही.
दूध मात्र संपलं.

परवाच्या दिवाळीत त्याचा मणका सरकला.
डॉक्टर म्हणाले, पोतं विसरा.
आता पामबीचवरच्या एका टॉवरच्या फाटकावर बसतो,
येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहितो.
बोटं कोरडी, स्वच्छ, शाईचा एखादा ठिपका.
आता काही धुवावं लागत नाही.
आता केव्हाही हात लावता येईल.
लावत नाही.

रात्री पट्टा सोडून पालथा पडतो.
मी बाम चोळते, कमरेपासून वर,
जिथं पोती टेकायची तिथली कातडी अजून जाड आहे.
चोळून झालं की उशीत तोंड ठेवूनच म्हणतो,
शालन, हात धू गं. डोळ्यात जाईल.
मी मुद्दाम बसून राहते.
मग कण्हत उठतो, मोरीतला दिवा लावतो,
वाकता येत नाही म्हणून
उभ्यानंच, उंचावरून तांब्या ओततो.
निम्मं पाणी माझ्या साडीवर.

काल विचारलं, धणे कसे चाललेत हो सध्या?
म्हणाला, मला काय ठावं. सुटला तो बाजार.
मी दिवा घालवला.
बऱ्याच वेळानं, अंधारात,
त्यानं भाव सांगितला.