ब्रेक ऑइल

उद्यमनगरात इलाही नायकवडी गाडीखाली सरकला
आणि आतनं म्हणाला, वहिनी, दाबा.

मी दाबला.
धरा. सोडू नका.
पाय खाली खाली गेला,
जसा परवा करूळ घाटात गेला होता,
मागं खारी-बटरचे चाळीस डबे,
पुढं एसटीची लाल पाठ.

सोडा आता.

बाटलीत उतरलं ते काळं,
तीनदा उकळलेल्या चहासारखं.
पाणी धरतंय हे, तो म्हणाला,
झाकण लावलं तरी हवेतनं ओढून घेतंय.
उतारावर तापलं की त्याची वाफ,
आणि वाफेवर कुठली गाडी थांबतीय?

दोन वर्षांनी बदलायचं असतं म्हणे.
यांच्या डायरीत सगळं होतं,
पासिंग, विमा, कळ्याच्या दुकानाची उधारी.
हे नव्हतं.

दाबा. धरा. सोडा.
अकरा वेळा,
तोवर नळीतले बुडबुडे संपले
आणि पिवळसर, नितळ यायला लागलं.
एक थेंब दारावर उडाला.
पुसा, पुसा, रंग खातंय!
पदरानं पुसला. खाल्लाच होता जरासा.

पेडल आता वरच लागतं, टणक.
फुलेवाडीच्या नाक्यावर म्हैस आडवी आली.
दाबला.
गाडी थांबली.
म्हैस नाही.