बी बाजू, चौथं गाणं

'तिसरी पाळी' हा बँड फुटून तेहतीस वर्षं झाली
आणि मी तो कधी ऐकलेला नाही.
म्हणजे एकदा, भिंतीपलीकडून, सिडकोत.
मला गोवर निघाला होता आणि आई म्हणत होती,
या पोरांना कुणीतरी आवरा.

तेवढ्यावर चाललंय हे सगळं.

वही दोनशे पानी. तिच्यात आहे:
चौघेही सातपूरच्या कारखान्यांत, रात्रपाळीला.
ड्रमची झांज विल्फ्रेड साळवेनं स्वतः लेथवर उतरवली,
सुपरवायझर जेवायला गेला असताना.
नौशाद मणियारच्या बेसला तीनच तारा,
चौथी घ्यायची राहिली ती राहिलीच.
कॅसेट एकच निघाली. प्रती चाळीस.
दिगू कोठुळे साठ म्हणतो, पण दिगू
पगारही वाढवूनच सांगायचा.

बी बाजूला चौथं गाणं आहे.
कव्हरवर त्याच्यापुढे नुसती रेघ.
नौशादच्या मते ते कारखान्याच्या भोंग्यावर होतं.
दिगू म्हणतो, छे, एका मुलीवर, आता ती नगरसेविका आहे.
आणि ज्यानं लिहिलं तो प्रभंजन अहिरराव
माझ्याकडून विम्याचा पहिला हप्ता घेऊन,
पावती फाडून झाल्यावर म्हणाला,
चौथं? आम्ही तीनच केली होती.

बुधवारच्या बाजारात, गंगेकाठी,
किल्ल्या हरवलेली कुलपं, चार्जर, बाहुलीचे सुटे हात
यांच्यासमोर किती वर्षं उकिडवा बसलो.
दोन प्रती मिळाल्या. दोन्हींनी पूर पाहिलेला,
पाणी दुतोंड्याच्या छातीला लागलं होतं तो.
फीत सोडवली तर आतून गाळ निघाला,
मेंदीसारखा बारीक.
तोही ठेवलाय. फिल्मच्या डबीत, तारीख घालून.

तिसरी शरणपुरात.
एस्तेरबाईंनी फ्रीजवरचा बिस्किटांचा डबा उतरवला.
विल्फ्रेड जाऊन नऊ वर्षं झाली.
"त्यावर रूथनं पाढे भरलेत," म्हणाल्या. "चालेल?"

चालेल.

पेन्सिल घालून फीत ताणून घेतली, बटण दाबलं.
ए बाजू शाबूत. तिच्याविषयी इथे लिहीत नाही,
थोडे दिवस ती माझ्याकडे राहू दे.
मग बी.

एकोणतीस एके एकोणतीस.
नाक चोंदलेलं, वय सात-आठ,
मागे कुणीतरी भांडी घासतंय.
एकोणतीस सत्ते दोनशे तीन.
एकोणतीस अठ्ठे…
अडली.
लाल बटण सुटलं असणार, फीत चालत राहिली
आणि त्या फटीतून
एक जाड तार.
चार सेकंद. की मग घाईघाईनं दोनशे बत्तीस.

एकोणतीसच्या पाढ्यात रूथ तीनदा अडली.
तिसाचा तिला पाठ होता,
तिसानं मला काही दिलं नाही.
एकूण अकरा सेकंद.
मी ते सात वेळा ऐकले. एस्तेरबाई कोथिंबीर निवडत होत्या.
आठव्यांदा मागे घेताना म्हणाल्या,
"अहो, हे गाणं कुठलं?
हा नौशाद तारा लावतोय.
तासन्‌तास लावायचा. लागायच्या नाहीत."

वहीत लिहिलं:
बी-४. तारा लावणे. अकरा सेकंद.
पुढे, बराच वेळ पेन धरून बसल्यावर:
लागल्या नाहीत.

रात्री पाथर्डी फाट्याला फोन केला रूथला.
कोण, कशासाठी, हे सांगण्यातच अर्धी बॅटरी गेली.
शेवटी विचारलं, एकोणतीसचा येतो का हो अजून?
ती हसली. म्हणाली, थांबा हं,
आणि म्हणू लागली, भरभर, लहान मुलीसारखी,
सत्ते दोनशे तीन,
अठ्ठे…

मागे कुकरची शिट्टी. एक रिक्षा वळली.
कुणीतरी दार ओढून घेतलं.
उत्तर मला येत होतं.
मी ऐकत राहिलो.