ओल पुरे

परभणीला, विद्यापीठाच्या त्या उकडत्या खोलीत
काचपट्टीवर एक थेंब ठेवते मी:
साखर, कणभर बोरॉन,
कॅल्शियम नुसतं नावाला.
त्यात कपाशीचा पराग झटकते
आणि भिंगाला डोळा लावते.

फुटतो.
काटेरी, पिवळा, गोल. क्षणभर फुगतो,
मग पोटातलं सगळं थेंबात सांडून मोकळा.
चौदा वेळा साखर बदलली.
चौदा वेळा वहीत लिहिलं: नलिका नाही.

माय जाफराबादकडं, सीड प्लॉटवर. नववा हंगाम.
दुपारी ती अंगठ्याच्या नखानं कळी चिरते,
पाकळ्यांची टोपी आणि नराचं सगळं पिवळं
एकाच वळशात उतरवते.
मधली दांडी तशीच उभी,
ओरखडा नाही.
वरून तांबडी कागदी नळी, देठाला दोरा.
सकाळी नराचं फूल घेऊन ती पुन्हा त्याच झाडापाशी.
‘एका फुलात पाच जणी उरकतात,’ म्हणते.
जणी म्हणते ती. कळ्या नाही म्हणत.

पुढचं तिला दिसत नाही.
मला पुस्तकातून पाठ आहे:
परागाला पालवतो तसा एक कोंब फुटतो,
दांडीच्या आतून खाली निघतो.
शेंड्याशी कॅल्शियम चढतं, ओसरतं,
त्या तालावर नळी वाढते, थबकते,
भिंत थोडी घट्ट, थोडी सैल,
पुन्हा वाढते.
आणि मागं, आलेल्या वाटेवर,
एकेक बूच मारत जाते.
जेवढं जिवंत तेवढं सगळं पुढं, शेंड्याकडं.
मागं रिकामी खोली, कडी लावलेली.

रात्री फोनवर मायला सांगितलं, फुटतोय.
‘पाण्यात टाकतीस का?’
थेंबात.
‘मग फुटंल नाही तर काय.
दहिवर असलं की आम्ही हात लावत नाही फुलाला.
दांडी कोरडी होऊ देतो.
भिजला पराग म्हंजे मेला.
त्याला पाणी काहून पाजतीस, बाई? ओल पुरे.’
मागून आसराबाईचा आवाज, डबा झाकल्याचा,
आणि मायनं फोन ठेवला.

सकाळी थेंब टाकला नाही.
अगरचा पातळ थर, वरून पराग कोरडाच,
बशीच्या झाकणाला ओला टिपकागद.
चहा प्यायला गेले नाही.
पाऊण तासानं एका कडेला
एक काचेसारखं नख आलं.
मग नखाचा दोरा झाला.

फोन भिंगाला टेकवून तिला दाखवला.
ती बांधावर उभी होती, उन्हाला हात आडवा धरून.
बराच वेळ काही बोलली नाही.
‘हाललं का ते?’
हाललं नाही, माय. वाढलं.
‘थांबलं आता.’
थांबतं. पुन्हा निघेल.
निघाला.
ती हसली, आणि लगेच विचारलं,
‘कुठं जाऊ राह्यला त्यो?’

कुठंच नाही.
बशीत दांडी नाही, खाली बीजांड नाही,
‘इकडं ये’ असं म्हणणारं कुणी नाही.
तो वळतो, स्वतःभोवती कोयरी काढतो,
मागची दारं मात्र नेमानं लावत जातो.

‘मग काहून चालवतीस त्याला?’

मोजायला, म्हटलं.
फुटायचं त्याच्या नशिबी असतंच, हेही सांगितलं,
पण पोचल्यावर. बीजांडाच्या उंबऱ्याशी,
आणलेलं दोघांचं ओझं उतरवून.
ते तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.
पलीकडं कुणी दोरे मागत होतं.

वहीत लांबी लिहिली, वेळ लिहिली.
शेजारी मीच आखलेला एक रकाना होता: दिशा.
पेन तसंच धरून बसले.

संध्याकाळी तिनं एक फोटो पाठवला.
दोरा न बांधलेलं, नजरेतून सुटलेलं एक फूल,
काल पांढरं होतं म्हणे,
आज गुलाबी.
खाली काही लिहिलेलं नाही,
तिला टाइप करता येत नाही.
नुसतं बोट आलंय कोपऱ्यात,
नखात पिवळं.