सत्तर मिलिलिटर

त्राकाईच्या तळ्याकाठी, नौकाघराच्या स्वयंपाकघरात
बावीस वर्षं मी पळी फिरवली.
माझ्या टेबलावरून कुणी उपाशी उठलं नाही,
एवढीच माझी पदवी.

मग विल्मान्तास आला, हातात सोनाराकडे असतो तसला तराजू.
भात एकशे ऐंशी ग्रॅम, शिजलेला.
दह्यात मध पाच ग्रॅम, चमचा चाटायचा नाही.
लोहाची गोळी संत्र्याच्या रसाबरोबर, कॉफीपासून तासभर लांब.
ऑक्टोबर ते एप्रिल ड जीवनसत्त्व, कारण इथे ऊन
पाहुण्यासारखं येतं, कोट न काढताच परत जातं.
आणि एक पांढरी भुकटी अशी, की औश्रिनेच्या गालांवर
मुंग्या चालतात. ती हसते, गाल चोळते,
वल्ही उचलते.

मी सगळं भिंतीवर चिकटवलं.
वाद घातला नाही. राइमुन्दासचं काय झालं ते पाहिलं होतं.
व्यायामशाळेतल्या मित्राने दिलेला डबा,
डब्यावर जे लिहिलेलं नव्हतं ते त्याच्या लघवीत सापडलं.
चार वर्षं बंदी.
आता तो पर्यटकांना पायडलच्या बोटीतून
किल्ल्याभोवती फिरवतो,
माझ्या खिडकीखालून जाताना वर बघत नाही.

तेव्हापासून जे येईल त्याला बॅच नंबर हवा.
शर्यतीआधी अडीच तास
बीटचा अर्क, सत्तर मिलिलिटर.
मी बाटली उजेडात धरली. बीट!
ज्याने जून ते सप्टेंबर माझी बोटं
खून करून आल्यासारखी लाल असतात,
ज्याचं थंडगार गुलाबी सूप, वर शेपू, अर्धं अंडं,
शेजारी वाफाळता बटाटा,
मी या पोरीला बारा वर्षांची असल्यापासून वाढते आहे,
ते बीट खोक्यात बसून, कुरिअरने, सही घेऊन आलं.

"तुमच्या बीटमध्ये किती असतं ते माहीत नाही,"
विल्मान्तास म्हणाला. टोमणा नव्हता.
त्याला खरंच माहीत नव्हतं.
मलाही नाही.

वजनाच्या आदल्या रात्री औश्रिने बर्फाचा खडा चोखत होती.
"याचं किती धरायचं?" तिने विचारलं.
कुणी हसलं नाही.
सकाळी काट्यावर चढताना तिने मोजे काढले,
मग केसांतली पिनही.

चौथी आली. सेकंदाच्या अकरा शतांशांनी.

तपासणीला तिने पेला भरला, तर गुलाबी.
तिथल्या बाईने पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.
"बीट?"
"बीट."
दिवसभरात कुणी तिच्याशी बोललेलं
तेवढंच सरळ वाक्य.

रात्री साडेदहाला ती माझ्या दाराशी उभी.
मी फ्रिजमधून बरणी काढली,
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा
वाढताना माझा हात अडखळला.
चिकटपट्टी शोधली, पेन्सिल शोधली. लिहिलं:
मागचा वाफा, दुसरी ओळ,
उपटलं गुरुवारी, माती कोरडी.
बरणीवर लावलं.

तिने ते दोनदा वाचलं.
वाडगा पुढे केला.
"काटा आणू?" मी विचारलं.

तिने बटाटा हातानेच फोडला,
बोटं भाजली, फुंकर घातली,
आणि मोठा तुकडा आधी उचलला.