मागील पानावरून पुढे

मुहर्रकची जकात कचेरी. वैशाख असावा.
इथल्या भिंतीवरचं कॅलेंडर मुंबईहून येतं,
दोन महिने उशिरा.
मी निळ्या पुस्तिका भरतो.
बारा पानं, पाणबुड्यामागे एक, फुकट.
सरकारचा नवा हुकूम:
नाखुद्याच्या तोंडचा हिशेब बंद.
उचल किती, तांदूळ किती, खजूर किती,
सगळं शाईनं.
आणि बापाचं देणं पोराच्या माथी मारायचं नाही.

हुकूम चांगला आहे.
मीच तीन प्रतींत टाईप केला.
त्याच दिवशी दुसराही केला:
कारकुनांच्या पगारात दहा टक्के कपात.
त्यात माझं नाव सहावं. स्पेलिंग तपासलं.

मोत्याला गिऱ्हाईक नाही.
झवेरी बाजारातून आधी लांबलचक पत्रं यायची,
मग पोस्टकार्डं, मग तीही नाहीत.
जपानात म्हणे शिंपल्याला शिकवतात
मोती कसा करायचा. आणि इथे हे
चौदा वाव खाली, नाकाला चिमटा, पायाला दगड,
अडाणी शिंपले चाचपत.

यंदा निम्मी गलबतं वाळूवरच.
सरकारनं रस्त्याचं काम काढलंय, दिवसाला आठ आणे.
ज्यांचा श्वास पाण्याखाली कधी चुकला नाही
ते खडी फोडताना खोकून वाकतात.
कचेरीच्या अंगणात ओरडा:
पुस्तिका शिजवून खायची का? उचल द्या!
नव्या हुकमात उचलही कापली आहे,
कर्ज वाढू नये म्हणून.
भूक वाढू नये म्हणून काय,
ते कलम माझ्या प्रतीत नाही.

दुपारी सलमीन आला. सलमीन बिन फरज.
कानात समुद्र जाऊन जाऊन बहिरा,
म्हणून सगळंच मोठ्यानं बोलतो.
जुनं खातं उघडलं: बापाकडून येणे आठशे सत्तर.
व्याज नाही. त्यांच्यात व्याज लावत नाहीत,
तांदळाच्या भावात लावतात.
मी पट्टी ठेवली, लाल शाई घेतली.
सुटलास, दुभाष्या म्हणाला.
फरज म्हणजेच सुटका, असंही म्हणाला, आणि हसला.
सलमीन हसला नाही.
वाचता येत नसून त्यानं बोट ठेवलं
नेमकं त्याच ओळीवर.
हे राहू दे, म्हणाला. साऱ्या कचेरीला ऐकू गेलं.

बाप खाली गेला तो वर आला नाही. कबर नाही.
एवढ्या एका जागी तो लिहिलेला आहे.
आणि आठशे सत्तर! तेवढा भरवसा
कुणीतरी त्याच्यावर ठेवला होता ना?

आमच्याकडच्या जुन्या दस्तांतही बिन असतो.
अमका बिन तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा.
आणि रोजच्या बोलण्यात बिन म्हणजे वाचून:
बिनकामाचा, बिनपगारी, बिनबापाचा.
नऊ वर्षं दोन्ही एकाच टाकानं लिहितोय,
कधी अडलो नव्हतो.

रेघ मारली. हुकूम आहे.
पट्टी जरा खाली सरकली म्हणा,
नाव वाचता येतं अजून.

नव्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलंय
मागील पानावरून पुढे.
छापखान्यानं नेहमीचा साचा वापरला असणार,
पहिल्या पानाला मागचं पान कुठलं.
तिथे आम्ही शून्य भरतो.
मी भरलं. सुकायच्या आत
सलमीननं अंगठा उठवला, रकाना सोडून,
बरोबर शून्यावर.

आता तिथे काय आहे
ते तपासनीस येईल तेव्हा बघेल.

पुढचा, मी म्हटलं.
तो उठला नाही.
मग आठवलं, त्याला ऐकू येत नाही.